ट्रॅक चौदा

रात्री एक ते दोन. हल शहरात त्या वेळी
बंदरावरचे दिवे जागे असायचे, आणि गॅरेथ पिलिंगचा कार्यक्रम.
त्यात एक बाई अग्निशमन दलाला फोन करून सांगायची,
माझं घर जळत नाहीये, कृपया या.
ते यायचे, बंबासकट.
हेल्मेटं मांडीवर घेऊन सोफ्यावर ओळीनं बसायचे,
आणि निघताना सगळ्यांत तरुण जवान म्हणायचा,
मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वेळी होईल काहीतरी.
हसण्याचा आवाज नाही. मागे नुसतं लांबट संगीत,
फ्रिज गुणगुणतो तसं.

मला मेलं ते कधी विनोदी वाटलं नाही.
हे मात्र अंधारात गादी हलेपर्यंत थरथरायचे.
थंडी वाजते का, म्हणून मी दुलई ओढून द्यायची.

गॅरेथ ह्यांचा पेशंट. तक्रार एकच, झोप येत नाही.
ह्यांनी गोळ्या दिल्या नाहीत.
म्हणाले, तू झोपलास तर आम्ही ऐकायचं काय?
मग एका बुधवारी त्यानंच विचारलं,
डॉक्टर, माझ्यासाठी चार वाक्यं वाचाल?
माझ्या आईचं सांगितलंत ना मला, त्या आवाजात.

स्टुडिओ म्हणजे गालिच्यांच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
मी कोपऱ्यात, थर्मास घेऊन.
ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला:
‘मिसेस थॉर्नबी, तुमचे रिपोर्ट आले आहेत.
प्रवासाची दगदग झाली, पण आता सुखरूप आहेत.
दोन घास जेवले. तुमची चौकशी करत होते.
तुमचं मात्र काही सांगता येत नाही.’

एक स्वर वर नाही, एक खाली नाही.
तीस वर्षं खरंखुरं सांगितलं, तेही असंच.
‘मात्र’ला मला खोकला आला.
काचेपलीकडून गॅरेथ म्हणाला, राहू दे.

अल्बम निघाला. वर चित्र,
दातांच्या कवळीत उगवलेलं गवत.
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ह्यांचं नाव,
बेहेरेचं बेहरी करून.
वर्षाला एक चेक यायचा, तीन पौंड चाळीस.
हे त्याला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायचे
आणि पदरचे चार पौंड घालून मासा-बटाटा आणायचे.
देवाला वासही देत नसत.

हे गेले. चेक गेला नाही.
बँकेत काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर ब्रिओनी लिहिलेलं.
म्हणाली, खातं त्यांचं, त्यांना स्वतः यावं लागेल.
ते वारले.
हो, तशी नोंद दिसतेय मला इथे.
येताना पासपोर्ट आणायला सांगा.
काय शांत आवाज!
आणि मला, सत्तरी उलटलेल्या बाईला, भर बँकेत
असं हसू फुटलं की मॅनेजर पाणी घेऊन धावला.
ब्रिओनीनं माझ्या हातावर हात ठेवला.
मनाला लावून घेऊ नका, म्हणाली.

आता एक वाजला की मी सीडी लावते.
ओरखडा पडलाय, चौदाव्या ट्रॅकवर हे अडकतात.
तुमचं मात्र, तुमचं मात्र, तुमचं मात्र,
आणि दर वेळी मागून माझा खोकला,
तरुण, जरा उर्मट,
जणू मधेच काही विचारायचं होतं.
टिचकी मारली की पुढे सरकतं.
लगेच मारत नाही.

अग्निशमन दलाचा नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय,
सुट्टीत आणलेल्या खेकड्याच्या लोहचुंबकाखाली.
घर अजून जळत नाहीये.
सोफा तसा मोठा आहे.