वाकडी काकडी

रात्री अकराला ओसाकाच्या बाजारात
माझ्या ट्रकमध्ये काकड्या चढतात.
सरळ, एका उंचीच्या,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरींसारख्या,
खोक्यात पन्नास.
त्यांना गारठ्यात निजवून
मी समुद्रावरचा पूल ओलांडते, डोंगर चढते,
झोप येऊ नये म्हणून बोगदे मोजते,
आणि पहाटे, कोचीच्या अलीकडे,
नेमकी काकडीच्याच मळ्यांमधून जाते.

वेलांना माहीत नाही मी काय वाहते आहे.
मला माहीत आहे.

तिथे एका वळणावर पत्र्याचं छप्पर, तीन फळ्या,
खिळ्याला टांगलेला चहाचा डबा, झाकणाला चीर.
विकायला कुणी नाही.
पाटीवर ब्रशचं जाड अक्षर:
‘कुठलीही पिशवी शंभर येन.
काकडी वाकडी आहे. चव नाही.’

इथे मापात पाप नाही, कारण मापच नाही.
पिशवीत हाताला येईल तेवढं.
डब्याशेजारी सुतळीने बांधलेली वही:
‘सोमवार. वांगी सहा, भेंडी चार, आलं दोन. बाराशे. बरोबर.’
‘बुधवार. धुकं. दोनशे. उरलेला पाला घरी शिजवला.’
खाली नाव, नारुओका.
बाई की बुवा,
तीन वर्षं झाली, अजून ठाऊक नाही.

जूनमधल्या एका पहाटे
माझ्या खिशात फक्त दहा हजारांची नोट.
डबा सुट्टे कुठून देणार?
चार पिशव्या उचलल्या, म्हटलं उद्या देईन,
आणि उद्या दुसऱ्याच रस्त्यावर ड्यूटी लागली.

आठ दिवसांनी वहीत वाचलं:
‘चार पिशव्या गेल्या. पैसे शून्य. माकड?’
प्रश्नचिन्हाला शेपूट काढलेलं.
खाली, दुसऱ्या दिवशीच्या शाईत:
‘पण माकडं इथंच बसून खातात, देठ टाकून जातात.
हे फार नीटनेटकं आहे.’

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी माझे कान तापले.
चारशे टाकले. पेन्सिलीने लिहिलं:
‘माकड नव्हे. ट्रक.’

डेपोत हामागुची म्हणाला,
शंभर येनने कुणाचं शेत तगतं गं?
मला नाही सांगता आलं.
दुकानात तीन काकड्यांचा जो भाव लागतो
त्यात प्लास्टिक आहे, बर्फ आहे, डिझेल आहे,
आणि मी आहे.
माझ्या मुलाची फी त्याच गारठ्यातून निघते.
शपथा कुठल्या तोंडाने घेऊ?
वाहते ती वाहतेच.
चिरते ती मात्र त्या वळणावरची.

बोलणं तिथेच राहिलं.
मी डबा उघडला,
मिसोचा एक गोळा, वर ती वाकडी, हाताने मोडलेली.
हामागुचीने एक तुकडा उचलला.
मग माझा डबाच स्वतःकडे ओढला.
मग, तोंड भरलेलं असतानाच,
खिशातून दोन नाणी काढून टेबलावर ठेवली.

आता डेपोतले सहाजण सुट्टे माझ्याकडे देतात.
वळणावळणाला माझा खिसा खुळखुळतो.
वहीत मागच्या गुरुवारी:
‘अकरा पिशव्या, अकराशे. विहिरीकडचे दोन वाफे
पडीक आहेत. पुन्हा लावावेत काय?’
मी उत्तर लिहिलं नाही.
वाफ्यांचं उत्तर पेन्सिलीने देता येत नाही,
त्यासाठी पुढच्या गुरुवारी यावं लागतं,
आणि त्याच्या पुढच्या.

आज सगळ्यात खालच्या फळीवर
एक पिशवी वेगळी, गाठ मारलेली.
चिठ्ठीवर तेच जाड अक्षर:
‘माकडासाठी. शंभर येन.’

वानवळा नव्हे, विकत.
दर सगळ्यांना तोच.
मला ते फार आवडलं.

मागे ट्रकचं थंडीचं यंत्र घरघरत होतं.
मी नाणं चिरेतून सोडलं.
तळाशी आधीच कुणाचं तरी होतं,
त्यावर आपटून ते वाजलं.