कारण: इतर

नागपूरहून नकाशा आला तेव्हा
मी धानोऱ्याच्या नाक्यावर सायकलीत हवा भरत होते.
मोबाईलभर हिरवं, त्यात एक तांबूस डाग.
कक्ष चारशे सतरा.
बदलाची खात्री करावी, कारण लिहावं,
तीन दिवसांत.

चारशे सतरात मी दिवाळीनंतर गेले नव्हते,
कबूल करते. नाला, मग चढण, मग पुन्हा नाला.
वरून बघणाऱ्याला नाला लागत नाही.

त्याचा एक चौकोन म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर.
पावलांनी मोजला:
तीन ऐन, एक धावडा, वारूळ,
मोहाच्या सालीवर अस्वलाची जुनी नखं,
कुणाचा तरी विळा, मुठीपर्यंत गंजलेला.
नकाशात या सगळ्यांचा मिळून
एक रंग.

पुढे बांबू. वाळलेला, उभाच्या उभा.
ना कुऱ्हाडीचा घाव, ना आगीची काजळी.
मी फॉर्म काढला.
आग, तोड, अतिक्रमण, इतर.
पेन तोडीपाशी थांबलं,
साहेबांना तीच अपेक्षित होती.

जैवंताबाई उसेंडी खाली सूप घेऊन बसलेली.
"मेला म्हनून लिवतेस का वो?
फुलला तो. फुलून गेला."
मूठ उघडली: तांदळासारखे दाणे, पण बारीक, लांबट.
याआधी कधी, विचारलं.
"माह्या पायात जोडवे नवे होते तवा."

हिशोब केला. चव्वेचाळीस वर्षं.
या उपग्रहाच्या दप्तरात चित्रं दहा वर्षांची.
फुलोरा कसा असतो
त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

इतरपुढे जागा होती दोन शब्दांची.
लिहिलं: बांबू फुलोरा.
फोटो, अक्षांश, रेखांश. दाणे कागदाच्या पुडीत.

आठवड्याने फोन, प्रयोगशाळेतली इंगोले म्हणून मुलगी.
"मॅडम, असे डाग अजून अकरा आहेत.
आम्ही तोड धरली होती. तुम्ही बघाल?"

अकरा. एक बीट, दोन पाय.
आणि मोह गळायला पंधरा दिवस,
झाडाखालचा पाचोळा लोक पेटवणार, दरवर्षीसारखा,
शेजारी हा वाळका बांबू.

तिचा नकाशा मोठा छापून आणला,
ग्रामसभेत जमिनीवर अंथरला,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
कुठून कुठवर जाळरेषा, यावर दुपार गेली.
शेवटी जैवंताबाईने काठी ओढली
अकराच्या अकरा डागांना वळसा घालून.
एका ठिकाणी कागद फाटला.

तो फाटकाच मी वर पाठवला.