शंभराने

लोकमान्य नगरच्या ओट्यावर बसून मी कोथिंबीर निवडते
आणि झुरिकमध्ये घर शोधते.

शाल्मली तिकडे रांगेत असते,
एका खोलीसाठी चाळीस माणसं, जिना भरून,
प्रत्येकाच्या हातात फाइल: पगाराची चिठ्ठी, नोकरीचं पत्र,
आणि हिच्याकडे कुणाची उधारी नाही असा सरकारी दाखला.
मी म्हटलं, असला दाखला इथे मागितला
तर अर्धी गल्ली रस्त्यावर येईल.
ती हसली नाही. तिचा नंबर आला होता.

एकोणतीस वर्षं वीज मंडळाच्या हिशेब खात्यात काढली.
आकडा दिसला की हात पेन शोधतो.
भाडं एकोणीसशे फ्रँक. गुणिले शंभर.
(खरा भाव थोडा इकडेतिकडे. पण छातीत धस्स व्हायचंच
तर गोल आकड्याने व्हावं.)
तीन महिन्यांचं डिपॉझिट. गुणिले शंभर.
मग पेन ठेवून दिलं.
एक्क्याण्णव साली एवढ्यात हे घर झालं होतं,
वरच्या खोलीसकट, बोअरिंगसकट.

सुरुवातीला सगळं सांगायची.
फ्लॉवरचा गड्डा पाचशेचा.
केस कापायचे सहा हजार, म्हणून आता वेणी घालणार.
कपडे धुवायची पाळी पंधरवड्यातून एक मंगळवार,
तळघरात, वहीत नाव लिहून,
आणि नंतर शेजारची बाई येऊन
मशीनच्या जाळीत बोट फिरवून बघते.
मी ती पाळी आमच्या कॅलेंडरवर लिहिली,
दूधवाल्याचे खाडे आणि गॅसची टाकी यांच्या मध्ये.
सोमवारी रात्री मेसेज: उद्या कपडे.

कचऱ्याची पिशवी तिथे विकत घ्यायची.
रिकामी. एक. दोनशे रुपयांना.
आम्ही इंदूरवाले, कचऱ्यातले पदवीधर,
ओला वेगळा, सुका वेगळा,
सकाळी गाडी गात आली की गाउनवर ओढणी टाकून धावणारे.
म्हटलं, यात काय, तू तर शिकूनच गेलीस.
तेव्हा मात्र हसली.
खूप वेळ हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला
आणि म्हणाली, रेंज नाहीये.

नोव्हेंबरात वरची खोली भाड्याने दिली.
तिचीच. कपाटावर अजून तिचे स्टिकर.
सनावदचा लोकेंद्र, पीएससीची तयारी करतो,
वडील बेडियाच्या मंडीत मिरची तोलतात.
मी नियम सांगितले:
मित्र आणायचे नाहीत,
रात्री दहानंतर कपडे आपटायचे नाहीत,
दोन महिन्यांचं आगाऊ.
तो मान हलवत होता, आणि ओठही.
ओठ कशाला हलतात ते मला ठाऊक आहे.
त्याच्या शंभराच्या जागी मिरचीचे किलो असणार.
म्हटलं, एकाच महिन्याचं दे.
"पक्का, आंटीजी?"
खाली आले ती स्वतःवरच चिडत.
हिशेबात असं बसत नाही.

फेब्रुवारीतला रविवार. इथे जेवणं झालेली, तिथे अजून उजेड.
तिच्या खिडकीत एक कुंडी दिसली,
तुळशीची कुणी लांबची बहीण असावी, वासाची नाही.
केवढ्याला गं?
म्हणाली, अठरा.
मी थांबले.
ती पुढे बोलत राहिली, मांजर, ट्राम,
जाळीत बोट फिरवणाऱ्या बाईने दिलेला जर्दाळूचा जॅम.
अठरा.
मी रुपयांची वाट बघत होते. ते आले नाहीत.

विमानतळावर उतरून तिने लिहिलं होतं, "पोहोचले."
त्याला सतरा महिने झाले.
आज पोहोचली.

फोन ठेवला. अठरा गुणिले शंभर,
मी मात्र केलंच.
वर न्हाणीघरात कपडे आपटल्याचा आवाज,
दहा वाजून वीस मिनिटं.
जिन्यापाशी गेले, तोंड उघडलं,
आणि कॅलेंडर दिसलं. परवा मंगळवार.
लिहावं का तिला,
की एव्हाना तिचं तिला आठवत असेल.
वर तो अजून आपटतोय.
शर्ट दोनच असतील.