कुलर बंद

पाचपावलीत, मे महिन्यात, दुपारी तीन वाजता
मी कुलर बंद करायला लावला.
रेकॉर्डिंग आहे, म्हटलं. पंपाची घरघर नको.
शकुन काही बोलली नाही.
पदराने मान पुसली
आणि दाराशी लसूण सोलत बसली.

तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं,
कामठीपासून उमरेडपर्यंत मंडप सोडला नाही.
हा कीबोर्ड आजवर फक्त भोंग्यांना ओळखायचा.
आता कॉम्प्युटरला म्हणतो, बाप्पा, ओळख याला,
घरचाच आहे.
कॉम्प्युटर म्हणतो:
कोणतेही उपकरण आढळले नाही.

वायर काढली, लावली.
फुंकर मारली, दुसऱ्या भोकात लावली.
दोघांनाही बंद करून पुन्हा सुरू केलं.
सीताबर्डीच्या दुकानदाराने आईची शपथ घेऊन दिलेली वायर
निघाली नुसती चार्जिंगची.
पोट भरते, निरोप नेत नाही.

मग मेलेल्या प्रिंटरची, चौकोनी तोंडाची वायर
माळ्यावरून काढली. तिच्यावर पालीची अंडी.
टुंग, असा आवाज आला
आणि पडद्यावर माझ्या कीबोर्डचं नाव उमटलं,
स्पेलिंगसकट बरोबर.

पण सूर उशिरा येऊन राहिला.
बोट आधी, सूर मागाहून;
मधल्या फटीत मी दोनदा ताल विसरलो.
बफर का काय तो कमी केला,
तर फुटाणे फुटायला लागले.
मग तेही थांबलं.
लाल रेघ पुढे सरकते आहे,
मी वाजवतो आहे,
आणि घरात शुकशुकाट.
फक्त लसणाची साल.

वरच्या मजल्यावरची चैताली धकाते आली,
पॉलिटेक्निकची, न्हालेल्या केसांना टॉवेल गुंडाळून.
पाहिलं, आणि म्हणाली,
"काका, वाद्यच नाही निवडलं तुम्ही.
या वायरीतून सूर जातच नाही."
मग काय जाते?
"खबर. कोणती पट्टी, किती जोरात,
केव्हा दाबली, केव्हा सोडली. बस."

तिने पडदा मोठा केला.
चौकड्यांवर हिरवे ठोकळे, आडवे, लांब, तोकडे,
अन् मी एकदम बाबांच्या मागाखाली जाऊन बसलो.
वरती पुठ्ठ्याचे पत्ते लटकायचे, भोकाभोकांचे,
दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेले.
त्यांच्यात रेशीम नव्हतं, रंग नव्हता.
कोणता धागा उचल, केव्हा सोड, एवढंच.
एकदा एक पत्ता उलटा बांधला गेला
आणि अख्ख्या पदरभर मोराला दोन चोची.
बाबा दोन दिवस जेवले नाहीत.
पुढे माग भंगारात गेला, पत्ते बंबात.
पाणी चांगलं तापलं त्यांच्यावर.

काही ठोकळे फिके का आहेत, मी विचारलं.
"तिथे बोट हळू पडलं."
डावी करंगळी.
चौऱ्याण्णवला लुना घसरली होती इंदोऱ्याच्या पुलावर,
तेव्हापासून ती नुसती सोबत येते.
तीस वर्षं ढोलकीने झाकलं होतं हे.

चैतालीने पियानो निवडला, बटण दाबलं,
आणि मगाशी मुक्यात वाजवलेलं सगळं
एक सूर न सांडता परत आलं.
जाता जाता तिने दारातून विचारलं,
"कुलर काऊन बंद हाये? माईक तर लावलाच नाही तुम्ही.
याच्यात कुलर कसा येईल?"

शकुनने माझ्याकडे पाहिलं.
दीड तास. शेहेचाळीस डिग्री. अर्धा किलो लसूण.
"म्हणजे मी उगाच शिजून राहिली होती इथं?"
मी उठून बटण दाबलं.
ताटीचा ओला वास आला, पंप घरघरला,
ती पाठ करून कुलरसमोर उभी राहिली,
ब्लाउज पाठीला चिकटलेला.

तिचं इथलं बसणं
कोणत्याच चौकडीत उमटलं नव्हतं.

फाईल साठवायची का, कॉम्प्युटरने विचारलं.
नाव त्यानेच सुचवलं होतं: अनटायटल्ड सात.
मी ते खोडलं,
आणि एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत,
लिहिलं: शकुन, कुलर बंद.