फेड

उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन.
फत्तेगंजच्या देवळात पंखे फिरतात, वारा लागत नाही.
पाळक सहाव्या वचनावर आलेत.
सांगतात, त्याने तुमची जागा घेतली.
सगळे माना हलवतात.
मी बाकाचा वर आलेला खिळा चाचपत बसतो.

माझी जागा एकदा खरंच कुणीतरी घेतलेली आहे.

एकोणऐंशीचा जानेवारी, उत्तरायणाच्या आधीचा गुरुवार.
विजय सुपर वडिलांची, हात माझे, लायसन कुणाचंच नाही,
आणि मांडवीच्या अलीकडे रस्त्यावर मांजा सुकवणारे कनुभाई,
बोटं गुलाबी रंगात बुडालेली.
वडील धावत आले. म्हणाले, तू घरी जा.

मग बन्यामीन त्रिभुवन, नाझर कचेरीतले कारकून,
ज्या न्यायमंदिरात बावीस वर्षं फायली वाहिल्या
त्याच न्यायमंदिराच्या पिंजऱ्यात उभे राहिले :
होय साहेब, गाडी मीच चालवत होतो.
दंड झाला. बढती गेली.
सूरसागरच्या कडेला त्यांनी मला उसाचा रस पाजला,
स्वतः घेतला नाही.

न्याय झाला.
कनुभाईंचा पाय दोन बोटं तोकडाच राहिला.

हे मला वेदीवरून कुणी समजावत नाही.
खंडणी भरली म्हणतात. कुणाकडे? सरकारजमा?
सरकारचा कुठे पाय मोडला होता?

शास्त्रातला शब्द प्रायश्चित्त.
त्यात होम आणि दक्षिणा आधीपासून राहतात,
आम्ही तिथे भाडेकरू.
आई म्हणायची, फेड.
कर्ज फेडायचं, आईबापाचे पांग फेडायचे,
आणि पावसातून आल्यावर ओलं लुगडं फेडायचं,
तेही त्याच क्रियापदानं.
शिपायांनी त्याची वस्त्रं फेडली.
मी हिशेबातला माणूस, पहिल्याच अर्थाला चिकटून म्हातारा झालो.

तीन वाजता लोक मुकाट बाहेर पडतात.
मी रिक्षावाल्याला म्हणतो, मांडवी.

कनुभाई खाटेवर. एका कानाला दोरा बांधलेला चष्मा.
मी सुरुवात करतो : त्या दिवशी गाडीवर...
"खबर छे," ते म्हणतात.

कोर्टात त्यांना विचारलं होतं, हाच का तो माणूस?
डोळ्यांत धूळ गेली होती, असं सांगून आले होते.
"तारा बापने पण खबर हती, के मने खबर छे."

दर शनिवारी यायचा म्हणे तुझा बाप.
(आम्हाला सांगायचे, सायबाकडे काम आहे.)
आधी पट्टी फेडायचा, धुवायचा, बांधायचा.
मग पट्टी सुटली तरी यायचा. अकरा वर्षं.
तिळाचं तेल कोमट करून पोटरीला लावायचा.
माफी? नाही मागितली कधी.
पतंगांचं बोलायचो.

म्हणजे ज्यानं भरलं तो गप्प,
ज्याचं मोडलं तोही गप्प,
आणि त्या दोघांच्या मधून मी
गाठ न बसलेल्या दोऱ्यासारखा निसटून गेलेला,
चाळीस वर्षं, सुटलो सुटलो म्हणत.

पाळकांना विचारायचं राहिलं :
खांबावर होता तो भरणारा, की मोडलेला?
की एकाच अंगात दोघं,
म्हणून कुणाला काही सांगावं लागलं नाही?

बाटली खाटेखालीच असते. झाकण चिकट.
मी खाली बसतो, गुडघे कटकन वाजतात.
त्यांचा लेंगा वर सारतो.
नडगीत, हाड वाकडं जुळलं तिथे, एक खळगा आहे.
अंगठा त्यात नेमका बसतो.
वडिलांचाही बसत असणार.

हलकं वाटेल अशी माझी समजूत होती.
तसं काही वाटत नाही. तेल गार आहे,
पाय जड आहे, आणि उन्हाळा.

"जरा जोरथी," कनुभाई म्हणतात.