तेवीस मिनिटं, सांगली मार्केट यार्ड

नऊ वर्षांनी आला अल्बम. ऐकायला जमलो
सुकुमारच्या हळदीच्या गाळ्यात, शटर अर्धं ओढून.
पहिलंच गाणं तेवीस मिनिटांचं.
सुकुमार पोत्यावर बोटानं मात्रा मोजतो :
सात, सात, मग अकरा, मग शिवी.
"ड्रमर बदलला म्हणजे घराणंच बदललं की,"
आणि भडंगाचा पुडा स्वतःकडेच ओढून घेतो.

मुनीर मिरजेचा, आज्जापासून सतारी घडवणारा.
डोळे मिटून म्हणाला, "जवारी बंद आहे.
गोड आलाय आवाज. झणकार नाही."

मी गप्प. मला आवडलं होतं.
पण कॉलेजात पहिली कॅसेट यांनीच दिलेली,
यांच्यादेखत आवडलं म्हणायचं कसं?

अठराव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात.
नुसता श्वास.
लांब कुठं खुर्ची सरकवल्यागत काहीतरी.

थप्पीवर झोपलेल्या तायाप्पा हमालानं
पिवळ्या पापण्या उघडल्या :
"लाईट गेली व्हय?"

कुणीच हसलं नाही.
सुकुमारनं तेवढाच तुकडा मागं घेतला.
परत घेतला.
तिसऱ्या खेपेला तायाप्पा उठून बसला,
भिंतीला पाठ लावून,
आणि न बघताच हात पुढं केला
भडंगासाठी.