फाटकवाली

वाल द फ्रागाच्या स्टेशनात आता मुक्कामाला खोल्या मिळतात.
पार्सल ऑफिस म्हणजे खोली दोन, डोंगराकडची.
दिव्यांची कोठडी म्हणजे खोली चार.
तिला रंगाचे तीन हात दिले तरी रॉकेलचा वास जाईना.
गोंसालु म्हणाला, राहू दे, पाहुण्यांना आवडेल.
आवडतो. त्याचे वेगळे पैसे घेतो तो.

पोर्तूहून आलाय. पोरगा गुणी आहे.
निळ्या फरशांवरची द्राक्षं जुन्या टूथब्रशनं
एकेक मणी घासून काढली त्यानं.
एक फरशी हरवलीये,
टोपलीवाल्या बाईचं डोकं होतं तिच्यावर.
तेवढी जागा त्यानं कोरीच ठेवली.

माझं लाल निशाण मात्र काचेत घालून टांगलंय,
खाली पितळी पाटी.
जेवणं चालू असताना मला स्वयंपाकघरातून बोलावतात,
ही देओलिंदा, एकतीस वर्षं फाटकावर होती.
मी सांगते :
गुंडाळलेलं म्हणजे जा,
उलगडलेलं म्हणजे थांब.
लोक माना डोलावतात, सूप गार होतं.

रूळ रातोरात उचलून नेले.
सकाळी फाटकाशी गेले तर
दोन्हीकडे नुसतीच खडी.
तरी आठवडाभर वेळेवर लावत होते.
शेळ्या थांबायच्या.

ऑगस्टमध्ये अदेरितु आला, फ्रान्सहून,
बायको, दोन मुलं, टपावर सायकली.
माझ्या घरात खाटा दोनच, म्हणून इथं उतरला.
तिकीटखिडकीशी वाकून विचारलं, कितीला?
आत मीच होते,
गोंसालु वाइन आणायला गेला होता.

याच खिडकीतून बेल्मिरु मास्तरांनी
एकोणिसाव्या वर्षी त्याला
एकेरी तिकीट फाडून दिलं होतं,
आणि मी पुढं फाटकाशी, कामावर,
निशाण गुंडाळून धरलं होतं.
दुसरं काय करणार?
सहा सत्तेचाळीसची गाडी. वेळेवर होती.

मी दर सांगितला. नाश्त्यासकट.

रविवारी निघाले.
त्यांचा नाश्ता होईतो त्यांच्याच खोलीतल्या चादरी
मी धुऊन फलाटावर आणल्या होत्या.
सिग्नलच्या दोन खांबांना दोरी बांधलीये तिथं.
धाकट्यानं काचेतून हात हलवला,
माझे दोन्ही हात अडकलेले,
आणि वाऱ्यानं मोठी चादर उलगडली,
अख्खी, फलाटाच्या कडेपर्यंत.

पांढरी.
पांढऱ्याचा नियम मला कुणी शिकवलेला नाही.

फाटक होतं तिथवर गाडी गेली
आणि तिचे मागचे दिवे लाल झाले.
तिथं आता खड्डा आहे.
सगळेच ब्रेक मारतात.

मी तशीच उभी, टोकं धरून,
धूळ खाली बसेपर्यंत.
मग पाहिलं, चादर नीट पिळलीच नव्हती,
पायांवर पाणी गळत होतं.
पुन्हा पिळली.